दात्याची पात्रता

केप टाउन शहराच्या पाठीशी टेबल पर्वताची सपाट भिंत उभी आहे. त्या पर्वताच्या एका अंगाला डेव्हिल्स पीक नावाचे शिखर असून त्याच्या उतारावर ग्रूट शूर हे रुग्णालय वसले आहे. ग्रूट शूर या डच शब्दांचा अर्थ मोठे कोठार. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने त्या परिसरात धान्य साठविण्यासाठी कोठार बांधले होते. त्याचे नाव जमिनीला लागले आणि जमिनीचे रुग्णालयाला. ३ डिसेंबर १९६७ रोजी याच रुग्णालयात ख्रिस्तियान बार्नार्ड यांनी अपघातात मरण पावलेल्या एका तरुणीचे हृदय एका प्रौढ गृहस्थाच्या छातीत बसविले, आणि या कोठाराचे नाव जगभर झाले. तो गृहस्थ अठरा दिवस जगला. परंतु मृताचा अवयव जिवंताच्या कामी येऊ शकतो, ही गोष्ट त्या दिवसापासून सामान्य माणसाच्याही कल्पनेच्या आवाक्यात आली.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, २००८ साली, त्याच रुग्णालयात त्याहून पुष्कळच साधी दिसणारी एक शस्त्रक्रिया झाली. तिच्यात हृदय नव्हते, मूत्रपिंड होते. आणि मूत्रपिंडाचे रोपण तोपर्यंत जगात अर्धशतकाहून जुने झाले होते. शस्त्रवैद्याच्या हाताला नवे असे तिच्यात काहीच नव्हते. नवे होते ते इतकेच की, ज्याचे मूत्रपिंड घेतले त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. हा विषाणू होता, आणि ज्याला ते दिले त्याच्याही रक्तात तो होता.

या शस्त्रक्रियेचे मोल कळायचे तर आधी तहान समजून घ्यावी लागते. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरांचा भाग लघवीच्या रूपाने बाहेर टाकतात. ती निकामी झाली की प्यालेले पाणी शरीरातच साठून राहते. पाय सुजतात, श्वास कोंडतो, रक्तात विष साचते. मग रक्त यंत्रातून फिरवून शुद्ध करून घ्यावे लागते; यालाच लोक डायलिसिस म्हणतात. आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, दंडातील अथवा मनगटाजवळील शिरेत दोन जाड सुया खुपसून माणूस यंत्राशेजारी पडून असतो. उरलेल्या दिवसांत त्याला पाणी मोजून प्यावे लागते. भर उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा जिभेवर धरतो, तोंड खळखळून चूळ टाकतो, आणि पेला भरलेला असूनही अर्धा ठेवून देतो. या रोगाच्या वेदना अनेक आहेत. पण रुग्णाला विचारले तर तो पुष्कळदा प्रथम तहानेचेच नाव घेतो.

दक्षिण आफ्रिकेतील सरकारी रुग्णालयांत ही यंत्रे थोडी होती आणि रुग्ण फार. जेथे यंत्रे थोडी तेथे निवड आली, आणि निवड आली की नियम आला. पश्चिम केप प्रांतातील नियम असा होता की, ज्याच्या शरीरात पुढेमागे मूत्रपिंडाचे रोपण करता येईल अशालाच यंत्रावर घ्यावे. कारण तो आज ना उद्या यंत्र दुसऱ्यासाठी मोकळे करील. या नियमात निर्दयपणा नव्हता. तुटवड्याच्या जगात तो शहाणपणाचाच म्हणावा लागेल. परंतु एच.आय.व्ही. असलेल्या माणसावर रोपण करता येत नाही, असे गृहीत धरलेले होते. रोपण नाही म्हणून यंत्र नाही. एका नकाराच्या पोटातून दुसरा नकार जन्म घेत होता. अशा माणसाला घरी जा म्हणून सांगितले जाई. आणि घरी जाणे म्हणजे काय, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असे आणि ऐकणाऱ्यालाही.

अशी माणसे त्या देशात थोडीथोडकी नव्हती. एच.आय.व्ही. घेऊन जगणाऱ्यांची संख्या जगात सर्वांत मोठी आहे ती दक्षिण आफ्रिकेत. त्यातच हा विषाणू मूत्रपिंडावर स्वतंत्रपणे घाला घालतो. त्यातून उद्भवणाऱ्या विकाराचे वर्णन प्रथम १९८४ मध्ये अमेरिकेत झाले. तो आफ्रिकी वंशाच्या लोकांतच इतका का आढळतो, याचे उत्तर पुढे २०१० च्या सुमारास मिळू लागले. त्या वंशातील अनेकांच्या शरीरात एका जनुकाची अशी रूपे आढळतात की जी निद्रारोगाच्या परोपजीवीपासून माणसाला वाचवितात. पूर्वजांना एका रोगातून तारणारा हा वारसाच वंशजांच्या मूत्रपिंडांना दुसऱ्या रोगापुढे दुबळा करतो. निसर्गाच्या व्यवहारात देणे आणि घेणे किती जवळजवळ नांदतात, याचे हे एक उदाहरण आहे.

त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक नकार चालू होता. अपघातात अथवा हाणामारीत डोक्याला इजा झालेली माणसे तेथे येत. त्यांतील काहींचा मेंदू कायमचा मृत होई, परंतु श्वसनयंत्राच्या साह्याने हृदय काही काळ धडधडत राही. अशा वेळी आप्तांना अवयवदानाविषयी विचारतात. मात्र रक्ताची तपासणी होऊन एच.आय.व्ही. असल्याचे कळले, की ती निरोगी मूत्रपिंडे त्या शरीराबरोबरच मातीत जात. म्हणजे एका खाटेवरची मूत्रपिंडे घेतली जात नव्हती आणि दुसऱ्या खाटेवरच्या माणसाला मूत्रपिंड दिले जात नव्हते. आणि दोन्ही नकारांचे कारण एकच होते. हे दोन नकार एकमेकांसमोर ठेवून पाहण्याचे काम एल्मी म्युलर या शस्त्रवैद्य स्त्रीने केले. जे दोघांचेही दूषण मानले गेले, ते दोघांतही असेल तर दूषण उरतेच कोठे, असा त्यांचा साधा प्रश्न होता. २००८ मध्ये त्यांनी अशा पहिल्या चार रुग्णांवर रोपण केले.

साध्या प्रश्नाला इतका विलंब का लागला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केले. देणारा आणि घेणारा हे एकाच गर्भपेशीतून जन्मलेले जुळे भाऊ होते, आणि ते यश त्या सारखेपणामुळेच शक्य झाले. शरीर आपले आणि परके यांत अत्यंत कठोर भेद करते; भावाचे मूत्रपिंड त्या शरीराला आपलेच वाटले. ज्यांना जुळा भाऊ नाही त्या सर्व माणसांसाठी शरीराची ही सोवळेओवळे पाळण्याची वृत्ती औषधाने शिथिल करावी लागली. नॉर्वेतील एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन निघाले, १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबाच्या मातीतल्या एका जंतूपासून टॅक्रोलिमस निघाले. मातीनेच माणसाच्या शरीराला परक्याचा स्वीकार करावयास शिकविले, असे म्हटले तर ती निव्वळ अलंकारिक भाषा ठरणार नाही.

ही औषधे ज्या पांढऱ्या पेशींना गप्प बसवितात, त्याच जातीच्या पेशींचा एच.आय.व्ही. संहार करतो. १९८१ मध्ये एड्सची पहिली नोंद झाली आणि १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हा विषाणू हाती लागला. म्हणजे शस्त्रवैद्य ज्या काळात प्रतिकारशक्ती हळूहळू मंद करण्याची कला शिकत होते, त्याच काळात ती शक्ती समूळ नष्ट करणारा रोग त्यांच्या दाराशी आला. ज्याची प्रतिकारशक्ती रोगानेच पोखरली आहे, त्याला ती आणखी दाबणारे औषध कोणत्या तोंडाने द्यावे? त्यातून तो फार दिवस जगणारही नाही. मग दुर्मिळ मूत्रपिंड त्याच्यावर का खर्च करावे? १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून एच.आय.व्ही. असलेल्या दात्याचे अवयव वापरण्यास बंदी घातली. त्या काळच्या माहितीनुसार हे सर्व यथायोग्य होते. तेव्हाच्या वैद्यांना आज दोष देणे म्हणजे उजाडल्यावर रात्रीला नावे ठेवण्यासारखे होईल.

परंतु १९९६ मध्ये उजाडले. तीन औषधे एकत्र दिली असता विषाणूची वाढ थांबते आणि माणूस वर्षानुवर्षे जगतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले. ज्या कारणासाठी निषेध घातला होता ते कारणच नाहीसे झाले. निषेध मात्र राहिला. समाजात असे नेहमी घडते. विहीर आटते, पण तिच्याभोवतीचा कठडा उभाच राहतो, आणि मुले त्याला वळसा घालून जाण्यास शिकतात. कठडा का बांधला होता हे पुढे कोणी विचारीत नाही.

दक्षिण आफ्रिकेत तर ती पहाटही उशिरा आली. औषधांचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, सीमारहित वैद्यांच्या संघटनेला देऊ केले, आणि आफ्रिकेतील गोरगरिबांच्या दृष्टीने औषध ही शक्यतेच्या कोटीतील वस्तू झाली. तरीही त्या देशाच्या तत्कालीन शासनाच्या मनात एड्सच्या कारणाविषयीच शंका होत्या. झॅकी अखमत या कार्यकर्त्याने सार्वजनिक रुग्णालयांत सर्वांना औषध मिळेपर्यंत स्वतः ते घेणार नाही, असे व्रत धरले होते. त्याला स्वतःला एच.आय.व्ही. होता. २००४ मध्ये सरकारी दवाखान्यांतून औषधे मिळू लागली. म्युलर यांची शस्त्रक्रिया त्यानंतर केवळ चार वर्षांनी झाली, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्यातील धैर्याची कल्पना येते. ज्या देशात हा रोगी जगावा की नाही याविषयीच कालपरवापर्यंत वाद होता, तेथे तो मूत्रपिंड घेण्यास योग्य आहे असे म्हणणे सोपे नव्हते. आणि तो मूत्रपिंड देण्यासही योग्य आहे असे म्हणणे त्याहून कठीण होते.

आक्षेप घेणारे होते, आणि त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. विषाणूची एक जात ज्याच्या शरीरात आहे त्याला दात्याकडून दुसरी जात मिळाली आणि ती औषधांना दाद न देणारी निघाली तर? म्हणून दाता निवडताना त्याने पूर्वी एच.आय.व्ही.ची औषधे घेतलेलीच नसावीत, अथवा घेतली असल्यास केवळ पहिल्या पायरीची असावीत, असे बंधन ठेवले गेले. घेणाऱ्याच्या बाजूने, रक्तातील विषाणू औषधांनी मोजण्यापलीकडे दबलेला असावा आणि रक्षक पेशींची संख्या २०० च्या खाली नसावी, असे ठरले. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म होता. ज्याच्यासमोर दुसरी वाट केवळ मरणाची आहे, त्याच्या संमतीला स्वतंत्र संमती म्हणावे काय? बुडत्याला काडी घेतोस का असे विचारणे आणि त्याच्या होकाराला करार म्हणणे, यात काहीतरी खटकते खरे. पण या शंकेचे टोक गाठले तर बुडत्याला काडी दाखवूच नये असे म्हणावे लागेल. आणि तसे म्हणणारा काठावर उभा असतो, हे विसरून चालणार नाही.

तिसरी अडचण आप्तांची. मेंदूमृत झालेल्या माणसाला एच.आय.व्ही. होता, हे त्याच्या आईलाही पुष्कळदा ठाऊक नसते. कधी त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. दानाची संमती मागताना हे सांगावे, तर मृताचे गुपित उघडे पडते. सांगू नये, तर घरात मागे राहिलेल्या पत्नीला तपासणी करून घेण्याची वेळीच सूचना मिळत नाही. ज्या घडीला घर शोकाने सुन्न झाले आहे त्या घडीला एका अनोळखी वैद्याने हे सर्व कोणत्या शब्दांत बोलावे, याचे उत्तर कोणत्याही शस्त्रक्रियेच्या ग्रंथात नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या रोगाचे नाव त्या घरात एरवी केवळ लज्जेबरोबर उच्चारले गेले असते, ते येथे एका विनंतीबरोबर उच्चारले जाते. तुमच्या मुलाला हा रोग होता, आणि तरीही त्याचे मूत्रपिंड आम्हांला हवे आहे. या दोन वाक्यांतील 'तरीही' हा शब्द त्या आईच्या कानी प्रथमच पडत असतो.

फलित काय झाले, हे आकड्यांनी सांगता येते. २०१० मध्ये पहिल्या चार रुग्णांचा आणि २०१५ मध्ये सत्तावीस रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाअखेर त्यांच्यापैकी शेकडा ८४ जिवंत होते, तिसऱ्या वर्षाअखेरही शेकडा ८४, आणि पाचव्या वर्षाअखेर शेकडा ७४. बसविलेली मूत्रपिंडे पाच वर्षांनी शेकडा ८४ या प्रमाणात टिकून होती. दात्याकडून आलेल्या विषाणूने कायमचे ठाण मांडल्याचे पुढील तपासण्यांतही आढळले नाही. शेकडा ७४ हा आकडा काहींना थोडा वाटेल. परंतु ज्यांची तुलना करावयाची ती निरोगी माणसांशी नव्हे, घरी पाठविलेल्यांशी. आणि त्यांचा आकडा कोणाला लिहून ठेवावा लागला नव्हता.

अमेरिकेत तोपर्यंत एच.आय.व्ही. नसलेल्या दात्यांची मूत्रपिंडे एच.आय.व्ही. असलेल्या रुग्णांना बसवून पाहिली गेली होती. २००३ ते २००९ या काळातील अशा १५० रुग्णांपैकी तीन वर्षांनी शेकडा ८८ जिवंत होते. तेथे एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ज्यांची प्रतिकारशक्ती दुबळी समजली जात होती, त्यांचीच शरीरे नवे मूत्रपिंड इतरांहून अधिक वेळा नाकारीत होती. दुबळ्या मानलेल्या शरीरात नकार देण्याचे बळ शिल्लक होते. याचे एक कारण औषधांच्या आपसांतील वैरात सापडले. विषाणूवरील काही औषधे यकृताचे काम इतके मंद करतात की, टॅक्रोलिमसची रोजची गोळी विषासमान होऊ शकते. अशा रुग्णाला आठवड्यातून एखादीच अल्पशी मात्रा पुरते. दुसरी काही औषधे उलट ते काम इतके वेगवान करतात की, घेतलेले टॅक्रोलिमस वायाच जाते. त्यामुळे मात्रेचा अंदाज चुके आणि मूत्रपिंड गमवावे लागे. पुढे डोलुटेग्रॅव्हिरसारखी औषधे आली आणि हे वैर पुष्कळसे मिटले. टेनोफोव्हिर हे विषाणूवरील अत्यंत उपयोगी औषध काहींच्या मूत्रपिंडाला अपाय करते, तेव्हा त्यावरही लक्ष ठेवावे लागते. एका माणसाच्या उशाशी असलेल्या दोन डब्यांतील गोळ्या एकमेकींशी नीट नांदतील ना, हे पाहणे हा या उपचाराचा जन्मभराचा भाग आहे.

केप टाउनचे उदाहरण समोर आल्यावर अमेरिकेनेही आपला १९८८ चा कठडा काढला. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी नवा कायदा झाला, आणि २०१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एच.आय.व्ही. असलेल्या मृत दात्याच्या अवयवांचे पहिले रोपण झाले. हे केवळ संशोधनाच्या चौकटीत करावे अशी अट होती. २०२४ मध्ये १९८ रुग्णांच्या तुलनेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निम्म्यांना एच.आय.व्ही. असलेल्या दात्याचे आणि निम्म्यांना नसलेल्या दात्याचे मूत्रपिंड मिळाले होते. तीन वर्षांनी पहिल्या गटातील शेकडा ८५ आणि दुसऱ्या गटातील शेकडा ८७ जिवंत होते. पहिल्या गटात रक्तातील विषाणूने पुन्हा डोके वर काढण्याचे प्रसंग अधिक घडले, आणि दात्याची वेगळी जात शिरली असावी अशी शंका एका रुग्णाविषयी आली. हेही नोंदविलेच पाहिजे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मूत्रपिंड आणि यकृत यांच्यापुरती संशोधनाची अट काढून टाकण्यात आली.

या सर्व हकिकतीत घेणाऱ्याचा लाभ उघड आहे. देणाऱ्याला काय मिळाले, याकडे मात्र चटकन लक्ष जात नाही. ते नीना मार्टिनेझ या अमेरिकन स्त्रीच्या कृतीने दाखविले. १९८३ मध्ये, जन्मल्यानंतर काही आठवड्यांतच दिलेल्या रक्तातून त्यांना एच.आय.व्ही. झाला होता. ज्या स्नेह्यासाठी त्यांनी मूत्रपिंड देऊ केले तो शस्त्रक्रियेपूर्वीच मरण पावला. तेव्हा त्यांनी ते एका अनोळखी माणसाला द्यावयाचे ठरविले, आणि २५ मार्च २०१९ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, दिले. एच.आय.व्ही. असलेल्या जिवंत माणसाने मूत्रपिंड दिल्याची अमेरिकेतील ही पहिली घटना. जिचे आयुष्य दुसऱ्याकडून मिळालेल्या दूषित रक्ताने बदलून गेले, तिच्याकडे दुसऱ्याला देण्यासारखे निर्दोष काही आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, जोहान्सबर्ग येथे एका आईने आपल्या यकृताचा एक भाग आपल्या मरणोन्मुख मुलाला दिला होता. आईला एच.आय.व्ही. होता, मुलाला नव्हता. दुसरा दाता मिळत नव्हता. मुलाला आधीपासून प्रतिबंधक औषधे देऊन ती शस्त्रक्रिया करण्यात आली आणि मूल वाचले. मुलाला स्वतःचे यकृत देण्यास आई अपात्र आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्या वैद्यांनी स्वतःला विचारला असेल यात शंका नाही.

भारतीय परंपरेने दानाचा विचार खोलवर केला आहे. परंतु त्या विचारात पात्रतेची कसोटी प्रामुख्याने घेणाऱ्याला लावलेली दिसते. सत्पात्री दान द्यावे. देश, काळ आणि पात्र पाहून द्यावे. देणारा द्यावयास योग्य आहे की नाही, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही, कारण ज्याच्याजवळ आहे तो देणारच असे गृहीत असते. अवयवदानाच्या सभांतून दधीचीची कथा नेहमी सांगितली जाते. तिच्यात दधीचीचा त्याग सर्वांना दिसतो. पण त्या त्यागापूर्वी आणखी एक घटना घडलेली असते. देव त्याच्या दाराशी येतात आणि त्याच्या अस्थी मागतात. मागितले जाणे हाही एक मान आहे. कर्णालाही कवचकुंडले मागण्यासाठी साक्षात इंद्र याचक होऊन आला. ज्याच्या दाराशी कोणी याचक येत नाही, ज्याचे रक्त, ज्याची मूत्रपिंडे, ज्याच्या हातचे पाणीही कोणाला नको असते, त्याची दरिद्रता धनाच्या दरिद्रतेहून भयंकर असते. अस्पृश्यतेचा अनुभव ज्या देशाने शतकानुशतके घेतला आणि दिला, त्या देशाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ मध्ये मद्रास येथे झाली. १ एप्रिल २००४ पासून शासनाने विनामूल्य औषधे देण्यास आरंभ केला. आज सुमारे पंचवीस लाख माणसे हा विषाणू घेऊन येथे जगत आहेत, आणि ती जगत आहेत म्हणूनच त्यांना मधुमेह होतो, रक्तदाब होतो, आणि इतरांप्रमाणेच त्यांचीही मूत्रपिंडे थकतात. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, अशा माणसाला उपचार नाकारणे हा भेदभाव ठरविला आहे. डायलिसिसच्या यंत्राविषयी बोलायचे, तर योग्य स्वच्छता पाळली असता या रुग्णांसाठी वेगळे यंत्र ठेवण्याचे वैद्यकीय कारण नाही. एच.आय.व्ही. असलेल्या रुग्णांवर मूत्रपिंडाचे रोपण काही मोजक्या भारतीय रुग्णालयांतून झालेही आहे. परंतु कायद्याने दार उघडते. आत बोलावण्याचे काम माणसालाच करावे लागते.

आणि देणाऱ्याचा प्रश्न उरतोच. या देशात जिवंत आप्तांकडूनच मूत्रपिंड मिळण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि एच.आय.व्ही. पुष्कळदा पतीला व पत्नीला एकाच वेळी गाठतो. वर्षानुवर्षे दोघे एकाच दवाखान्यात जाऊन एकाच रांगेत गोळ्या घेतात. अशा पतीची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पत्नी वैद्यांना म्हणाली की, साहेब, माझे एक घ्या, तर तिला काय सांगावयाचे? एका मूत्रपिंडावर तिला पुढे ही औषधे सोसतील काय, हा विचार वैद्याने केलाच पाहिजे. तो तिच्या हिताचा आहे. त्या विचारान्ती नकार आला तर तो तिच्या प्रकृतीकडे पाहून दिलेला नकार असेल. परंतु तिचे वाक्य पुरे होण्याआधीच, केवळ कागदावरील एका शब्दाकडे पाहून मान हलविली गेली, तर तो नकार निराळा. दोन्हींचा शेवट एकच असला तरी घरी जाताना तिच्या मनात जे असेल ते एक नसेल.

शस्त्रक्रियेच्या मेजावर आणलेले मूत्रपिंड बर्फात ठेवल्याने फिकट, राखी रंगाचे आणि थंड असते. ते ओटीपोटाच्या एका बाजूला बसवितात. जुनी मूत्रपिंडे बहुधा जागच्या जागीच राहू देतात. धमनी धमनीला आणि शीर शिरेला शिवून झाली की रक्त अडविणारे चिमटे सोडतात. क्षणात त्या राखी गोळ्यावर गुलाबी छटा पसरते, ते ताठते, आणि पुष्कळदा तेथेच, मूत्राशयाला जोडण्यापूर्वीच, त्याच्या नळीच्या टोकाशी लघवीचा थेंब जमतो. केप टाउनमध्ये, बाल्टिमोरमध्ये, कोठेही तो थेंब सारखाच असतो.

त्यानंतर काही दिवसांनी रुग्ण रात्री जागा होतो. पुष्कळ दिवसांत न झालेली एक जाणीव त्याला झालेली असते. तो हळूहळू उठतो आणि लघवीला जाऊन येतो. परत आल्यावर तो उशाजवळचा पेला उचलतो. सवयीने अर्ध्यावर थांबतो. मग थांबण्याचे कारण उरलेले नाही हे त्याला आठवते, आणि तो उरलेले पाणी पिऊन टाकतो.